मिऱ्याची डबी, बिनमिऱ्याची डबी

सरांच्या लेखी मला नाव नव्हतं. मी पेडगाव होते. आमचे हे देवगाव फाट्याचे, म्हणून ते नुसते ‘फाटा’. शाळेचा शिपाई बोरी, हेडमास्तर जिंतूर. “नाव आईबाप ठेवतात, त्यात माणसाचा काय गुण?” असं सरांचं म्हणणं. “गाव मात्र अंगाला लागलेलं असतं.” त्यामुळं भिंतीपलीकडून रोज संध्याकाळी हाक यायची, “पेडगाव, फाटा आले का घरी?” नवीन पोस्टमननं ती एकदा ऐकली आणि तो मला हळूच विचारून गेला, “वैनी, हितं एस.टी.चं कंट्रोल हाय का?”

आम्ही वालूरला सरांच्या माळवदाच्या घरात समोरच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. हे शाळेत क्लार्क होते आणि सर त्याच शाळेत अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवायचे. पन्नाशीचे, एकटे. बायको जाऊन चार वर्षं होत आलेली, मूलबाळ नाही. मी वीस वर्षांची होते. दोन वेण्या, आणि दोन्ही वेण्यांत मिळून अक्कल एक तोळा. लग्न ठरताना माझ्या माहेरच्यांनी ‘पोरगी बारावी झालेली’ असं सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं. बारावी मला झालेली होती, गोवर होतो तशी. रसायनशास्त्रात बावीस मार्क पडले होते.

दहावीपर्यंत सगळं मराठीतून शिकलेली मी, अकरावीला एकदम इंग्रजी पुस्तकापुढं बसले आणि तिथंच बसून राहिले. शाळेतली प्रयोगशाळा सहायकाची जागा वर्षभरात रिकामी होणार होती आणि तिला बारावी सायन्स पास लागत होतं. ह्यांनी एका रविवारी मला सरांपुढं नेऊन उभं केलं.

सरांनी माझी मार्कलिस्ट पाहिली. “बावीस,” म्हणाले. “टायटॅनियम.” आणि माझ्याकडं पाहून मान हलवली. मला वाटलं कौतुक केलं. मी लाजले. बावीस हा टायटॅनियमचा अणुक्रमांक आहे एवढंच त्यांना म्हणायचं होतं, हे कळायला मला सहा महिने लागले.

शिकवायची त्यांची रीत अशी. पुस्तक बंद. समोर जे असेल ते घ्यायचं. मोल म्हणजे काय हे मला दोन वर्षांत दोन मास्तरांना सांगता आलं नव्हतं. सरांनी विचारलं, “वडील कडबा कसा विकतात?”

“पेंढीवर.”

“एका पेंढीत ज्वारीची किती ताटं, मोजून देतात?”

“कोन मोजतंय, सर! याड लागंल माणसाला.”

“मग रेणू मोजून तुमाला याड लागायची काय गरज हाय? मोल म्हणजे रेणूंची पेंढी. फक्त ही पेंढी बांधणारा लय काटेकोर होता. अठरा ग्रॅम पाणी, एक पेंढी. चव्वेचाळीस ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, एक पेंढी. ताटं तितकीच, जाडी वेगळी.”

मी तिथं बसल्या बसल्या तीन गणितं सोडवली. आनंदानं वर पाहिलं. तिन्ही उत्तरं तपासून सर म्हणाले, “असू शकेल.”

हा त्यांचा दुसरा नमुना. ‘बरोबर’ हा शब्द सर वापरत नसत. उत्तर कितीही बरोबर असो, जास्तीत जास्त ‘असू शकेल’. पोरं वैतागायची. हेडमास्तर एकदा म्हणाले, “अहो सर, दोन आणि दोन चार, हे तरी बरोबर म्हणा.” सर म्हणाले, “दोन कशाचे, ते सांगा.” कारण विचारलं तर म्हणायचे, ‘बरोबर’ म्हटलं की माणूस तिथंच थांबतो. मला तेव्हा हा निव्वळ कंजूषपणा वाटायचा. आपल्या उत्तराला सरांनी एकदा तरी ‘बरोबर’ म्हणावं, अशी मला लग्नातल्या पैठणीहून मोठी हौस होती.

वायूंच्या गणितात मी जे दिवे लावले ते वेगळेच. तापमान अंशातनं केल्व्हिनमध्ये करताना दोनशे त्र्याहत्तर मिळवायचे असतात. मी विसरायची. एकदा शून्य अंशाचं गणित होतं. मी खाली सरळ शून्य मांडलं आणि त्यानं भागायला निघाले. सर खुर्चीतून उठून दारापाशी जाऊन उभे राहिले.

“काय झालं, सर?”

“शून्यानं भागायलात ना? वायू आता एवढा पसरणार की भिंती राहत न्हाईत. मी आधीच बाहेर होतो.”

आणि पुस्तकातलं ते ‘शून्य अंश तापमान’ त्यांना मुळी पसंतच नव्हतं. “वालूरात शून्य अंश कुणी पाह्यलेत? आपल्याला मे महिन्यात त्रेचाळीस.” म्हणून प्रत्येक वायूचं आकारमान आधी पुस्तकाच्या तापमानाला काढायचं आणि मग वालूरच्या. त्याला ते ‘गावचा हिशेब’ म्हणायचे. परीक्षेत याला मार्क नव्हते. तरी काढायचं.

बर्फाचा धडा आला तेव्हा सरांनी सेलूहून बर्फाची लादी भुशात गुंडाळून एस.टी.नं मागवली. फाट्यावर गाडी तासभर थांबली, त्यामुळं आली ती वीटच. ती पातेल्यात घालून, त्यात थर्मामीटर खोचून, सरांनी स्टोव्ह पेटवला. मी वही घेऊन दर मिनिटाला तापमान लिहीत होते. शून्य. शून्य. शून्य. दहा मिनिटं झाली.

“सर, थर्मामीटर बिघडलाय.”

“बिघडला न्हाई, पेडगाव. आच जायलीय. पण ती सगळी आतलं सुटं करण्यात खर्च होयलीय. ते झाल्याबिगर पारा हलत न्हाई. वरून बघणाऱ्याला वाटतं, काहीच चाललं न्हाई.”

मी हे वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवून घेतलं. खाली दोन रेघा ओढल्या. आणि ते फक्त बर्फाला लागू आहे असं धरून चालले.

आता कापराचं सांगते.

देवघरातल्या कापराच्या डबीत चार मिरे टाकायचे, म्हणजे कापूर उडून जात नाही, हे आपल्याकडं प्रत्येक बाईला ठाऊक. माझ्या आजीनं आईला सांगितलं, आईनं मला. सरांच्या पत्नी मानवतच्या. त्यामुळं सर त्यांना हाक मारायचे ती ‘मानवत’ अशीच. त्याही डबीत मिरे टाकायच्या. सर म्हणायचे, मिऱ्याचा काही संबंध नाही, झाकण घट्ट असलं की झालं. ह्यावरून दोघांची वीस वर्षं रोजची भांडणं. शेवटी सरांनी पैज लावली. सारख्या दोन पितळी डब्या. दोन्हींत भीमसेनी कापूर, पंधरा पॉइंट दोन ग्रॅम, म्हणजे मोलाचा बरोबर दहावा हिस्सा. एकीत सात मिरे, दुसरीत नाहीत. दर रविवारी वजन करायचं, किती कापूर उडाला ते वहीत लिहायचं. ज्या डबीतला आधी संपेल त्यावरून हार-जीत.

“आणि काकू जिंकल्या तर?” मी विचारलं.

“तर मी चार माणसांत ‘तुझं बरोबर’ असं म्हणायचं.” सर हसले. “तिनं दुसरं काहीच मागितलं न्हाई. वीस वर्षांत मी तो शब्द तिला एकदाही दिला नव्हता, अशी तिची तक्रार. म्हणून मलाही घाई न्हाई.”

पैज सुरू होऊन तीन महिने झाले आणि काकू गेल्या. दोन दिवसांच्या तापानं. वजन करणं चालू राहिलं.

रविवारी सकाळी सर आंघोळ करून इस्त्रीचा सदरा घालायचे. एरवी त्यांच्या सदऱ्याला बटणंही पुरी नसत. बैठकीतल्या टेबलावर काचेच्या पेटीतला तराजू होता, मोडीत निघालेला सोनाराचा काटा. डब्या देवघरातून आणायच्या, काट्यावर ठेवायच्या, चिमट्यानं वजनं घालायची. मग स्वयंपाकघराच्या दाराकडं तोंड करून मोठ्यानं वाचायचं, “मिऱ्याची, शून्य पॉइंट पंधरा. बिनमिऱ्याची, शून्य पॉइंट पंधरा.” थोडं थांबायचं. मग वहीत लिहायचं.

ते थांबणं मी भिंतीपलीकडून ऐकायची. घरात दुसरं कुणी नव्हतं. मी भाकरी थापताना ह्यांना म्हणायची, “झालं बघा, सरांचं आकाशवाणी केंद्र लागलं.” आणि हसायची. हे माझ्याकडं बघून हसायचे नाहीत. माझ्या लक्षात आलं नाही.

त्या कापरावर मी किती गणितं सोडवली! घन कापूर पाणी न होता थेट वाफ होतो, त्याला संप्लवन म्हणतात, हे त्यामुळं जन्माचं पाठ झालं. तीन आठवड्यांत शून्य पॉइंट चाळीस ग्रॅम उडाला, तर किती मोल? भागिले एकशे बावन्न. त्याची वाफ किती मिलिलिटर? एकोणसाठ. आणि वालूरच्या मे महिन्यात? अडुसष्ट. सर म्हणायचे, “म्हणजे एवढा कापूर आत्ता या खोलीत हाय. गेला न्हाई कुठं. नुसता दिसत न्हाई.”

दिवाळीनंतर सर मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नांदेडला गेले. पंधरा दिवस. जाताना किल्ली माझ्या हातात दिली. बाकी घराचं काही सांगितलं नाही. “दोन रविवार,” म्हणाले. “काटा हलू द्यायचा न्हाई, पंखा लावायचा न्हाई, डबीला ओला हात लावायचा न्हाई.”

पहिला रविवार मी मन लावून केला. दुसऱ्या रविवारी आम्ही दोघं सेलूला सिनेमाला गेलो. आठवण झाली मंगळवारी, आणि सर येणार होते गुरुवारी. आता मंगळवारीच वजन करून ‘विसरले होते’ असं लिहिलं असतं तर आभाळ कोसळलं नसतं. पण मला हुशारी सुचली. विद्या नुकतीच अंगात आलेली. म्हटलं, आजवरची सगळी घट बेरीज करू, आठवड्यांनी भागू, जी सरासरी येईल ती लिहू. खोटं लिहायचं तर शास्त्रीय लिहू!

दोनशे आठ रविवार होते. कॅलेंडरच्या मागच्या बाजूला मी बेरीज मांडली. बिनमिऱ्याच्या डबीची घट आली एकोणतीस पॉइंट एक ग्रॅम. दुसरीचीही जवळपास तेवढीच.

मी पुन्हा केली. पुन्हा तेच.

पंधरा पॉइंट दोन ग्रॅमच्या डबीतून एकोणतीस ग्रॅम कापूर उडाला होता. झाकणं उघडली. दोन्ही डब्या अजून निम्म्या भरलेल्या.

मग मी घरात शोधलं. माझा काय अधिकार होता कोण जाणे, पण शोधलं. स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यामागं भीमसेनी कापराची पुडी होती. अर्धी संपलेली. सर भर घालत होते. दोन्ही डब्यांत, सारखी.

काय चाललंय ते मला कळलं. का चाललंय, याचा मी विचारही केला नाही. बेरीज पकडल्याचा आनंद एवढा झाला की शेजारच्या खोलीत जाऊन दोन गिरक्या घेतल्या. भागाकार करून वहीत सरासरी लिहिली, शून्य पॉइंट चौदा, आणि कुलूप लावलं.

सर आले गुरुवारी, पण माणसं भेटायला आली रविवारी. हेडमास्तर, गणिताचे एक मास्तर, बोरी शिपाई आणि आमचे हे. मी चहा घेऊन गेले. सर काळा चष्मा लावून टेबलाशी बसले होते, वही डोळ्यांजवळ धरून.

“पेडगाव,” ते म्हणाले, “हे शून्य पॉइंट चौदा कुणाच्या हातचं?”

“माझ्याच, सर.”

“या काट्याचं सगळ्यात लहान वजन पन्नास मिलिग्रॅमचं हाय. त्याच्यावर दहा येतं, पंधरा येतं, वीस येतं. चौदा येत न्हाई. चौदा ही सरासरी हाय. सरासरी काट्यावर बसत न्हाई, कागदावर बसते.” त्यांचा आवाज चढलेला नव्हता. “तुमी वजन केलंच न्हाई.”

गणिताचे मास्तर हसले. हेडमास्तर म्हणाले, “अहो, लेकराचं चुकलं, सोडा.”

लेकरू म्हटल्यावर मला जी मिरची लागली! ताटली टेबलावर आपटली. चहा बशीत सांडला.

“माझं एक चुकलं, सर. तुमच्या तर सगळ्या वहीची बेरीज चुकलीय. पंधरा ग्रॅमातनं एकोणतीस ग्रॅम कसा उडतो? तुमीच शिकवलं ना, वस्तुमान कुठनं नवं येत न्हाई म्हणून? मग ह्या डबीत कुठनं यायलंय?” आणि वर, “तांदळाच्या डब्यामागनं?”

हे म्हणाले, “अगं!”

सरांनी तोंड माझ्याकडं वळवलं. काळ्या चष्म्यामागं काही दिसत नव्हतं. मग त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, “बरोबर आहे. पेडगावचं बरोबर आहे.”

खोलीत चार माणसं होती. हेडमास्तर, गणिताचे मास्तर, बोरी, आणि हे. मी आत्ता मोजलीत. तेव्हा मला फक्त एवढंच कळलं की सरांनी जो शब्द कुणाला कधी दिला नाही तो मला मिळाला. मी मान ताठ करून कपबश्या गोळा केल्या.

संध्याकाळी सरांनी मला हाक मारली. दोन्ही डब्यांतला कापूर एका कागदावर ओतलेला. मिरे वेचून बाजूला ठेवलेले. “शनिवारी मारुतीपुढं लावा,” म्हणाले.

“आणि पैज?”

“सुटली.”

मी तो लावला. देवळात केवढा जाळ झाला! गाभाऱ्याच्या छताला काजळी धरली, पुजारी ओरडला, “वैनी, मारुतीला भाजायलात का काय!” मी हसत हसत घरी आले आणि ह्यांना सांगितलं. हे जेवायचे थांबले. म्हणाले, “तुला कळतंय का तू काय केलंस? ते भांडण चालू होतं तोवर बाई घरात होती.”

मला राग आला. म्हटलं, “मी खोटं बोलले का?”

“न्हाई ना. म्हणून तर बोलायची सोय न्हाई.”

पुढच्या रविवारी भाकरी थापताना मी कान देऊन बसले. पलीकडून काही आलं नाही.

शिकवणं सरांनी बंद केलं नाही. रोज संध्याकाळी तासभर, पुस्तक उघडून. फरक दोनच पडले. एक, ते मला ‘पेडगाव’ म्हणेनासे झाले. ‘बाई’ म्हणू लागले. “बाई, पुढचं गणित घ्या.” आणि दुसरा, ते माझ्या प्रत्येक उत्तराला ‘बरोबर’ म्हणू लागले. पहिले दोन दिवस मी फुलून गेले. तिसऱ्या दिवशी मी पुन्हा दोनशे त्र्याहत्तर मिळवायला विसरले होते, हे माझं मलाच वहीत दिसलं. सर म्हणाले होते, “बरोबर.” मी चूक दाखवली. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, “हो का? तेही बरोबर.”

मग माझी मीच तपासायला शिकले. एकोणसाठ मार्क पडले. पेढे घेऊन गेले, तर सरांनी पेढा हातात घेतला, चिमट्यात धरल्यासारखा, आणि टेबलावर ठेवला. काट्याच्या काचेच्या पेटीच्या माथ्यावर धूळ होती. डब्या देवघरात होत्या, झाकणं लावलेल्या. मला माफी मागायची होती. ‘सर, चुकलं’ असं म्हणायला मी तोंड उघडलं, पण मला ठाऊक होतं, ते म्हणणार, ‘बरोबर’. म्हणून नाही म्हटलं.

वालूरची ती जागा काही मला मिळाली नाही, परभणीला मिळाली. हेही इकडं बदली करून आले. सामान टेंपोत भरलं तेव्हा सर ओसरीवर उभे होते. समोरच्या दोन खोल्या त्यांनी पुन्हा भाड्यानं दिल्या नाहीत, असं नंतर ऐकलं.

तीस वर्षं मी परभणीत प्रयोगशाळेत काढली. नव्या पोरांना मोल कळेना की कडब्याची पेंढी सांगायची. ती हसायची. त्यातल्या निम्म्यांनी कडबा पाहिलेला नसायचा. वालूर परभणीहून काही लांब नाही. मी गेले नाही. जाईन जाईन म्हणता सर गेल्याचं कळलं, तेही महिनाभरानं.

आता आमचे हेही जाऊन चार वर्षं झाली. पोरं पुण्याला. तीन खोल्यांत मी आणि टीव्ही. आमच्या ह्यांचा स्वभाव असा की कुठलंही भांडण दिवस मावळायच्या आत मिटवायचे. हारायचे आणि मोकळे व्हायचे. तेव्हा मला मोठं जिंकल्यासारखं वाटायचं. आता रविवारी सकाळी भाकरी थापायला बसते तेव्हा वाटतं, बाबा, एखादं तरी अर्धं ठेवून जायचं होतंस. मी एवढी भांडकुदळ बाई, आणि बोलायला एकही मुद्दा शिल्लक नाही.

गेल्या महिन्यात एक पन्नाशीचा माणूस दारात आला. सरांचा पुतण्या. वालूरचं घर विकायला काढलं, आवराआवर केली, तर कपाटात जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं सापडलं. वर लिहिलेलं, ‘पेडगाव यांस द्यावे.’ बिचारा आधी पेडगावला गेला आणि ग्रामपंचायतीत विचारून आला, हे तुमच्या गावाचं आहे का. तिथं माझा भाऊ भेटला म्हणून निभावलं.

“काकू, पेडगाव म्हणजे तुमीच का?” त्यानं विचारलं.

एवढ्या वर्षांनी मला कुणी तसं म्हटलं. मी म्हटलं, “हो, बस. चहा ठेवते.” आणि आत जाऊन उगाच साखरेचा डबा शोधत बसले. तो समोरच होता.

पुडक्यात त्या दोन पितळी डब्या होत्या आणि ती वही.

पुतण्या गेल्यावर मी वही उघडली. दोनशे आठ रविवारांनंतर दोन नोंदी माझ्या हातच्या. दुसरी, शून्य पॉइंट चौदा. मला वाटलं होतं, खोडलेली असेल. खोडली नव्हती. पुढं शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘पेडगाव सिनेमाला गेली होती. राहू द्या.’ म्हणजे त्यांना तेही ठाऊक होतं.

त्यानंतर पानं कोरी असतील, असं मी धरलं होतं. आमच्या घरात रविवारी आवाज येत नव्हता ना. पण नोंदी होत्या. चहा सांडला त्याच रविवारपासून. मिऱ्याची, रिकामी. बिनमिऱ्याची, रिकामी. घट, शून्य. पुढचा रविवार, तेच. पान उलटलं, तेच. रिकाम्या डब्या काट्यावर ठेवून सर दर रविवारी त्यांचं वजन करत होते. न बोलता. भिंतीपलीकडं मी होते म्हणून न बोलता, की मी गेल्यावरही तसंच, ते वहीत लिहिलेलं नाही. शून्य, शून्य, शून्य. सगळी वही भरली होती. शेवटी शेवटी अक्षर रेघ सोडून चाललेलं.

शेवटच्या पानावर एकच नोंद मोठी. तीही पेन्सिलीनं.

‘आज दोन्हींचा वास घेऊन पाहिला. मिऱ्याच्या डबीला कापराचा वास अजून आहे. बिनमिऱ्याच्या डबीला नाही. मिऱ्यानं कापूर धरून ठेवला. मानवत, तुझं बरोबर.’

खाली सही. तारीख नाही.

मी ते दोनदा वाचलं. मग मोठ्यानं वाचलं. तरी घरात मी एकटीच. आणि काकूंची अट तर चार माणसांत म्हणायची होती. सरांपाशी शेवटी चार माणसं नव्हती. जी होती त्यांच्यापुढं तो शब्द मी आधीच हिसकावून घेतला होता. म्हणून हे लिहायला घेतलं. हे चार माणसं तरी वाचतील. पाचवं कुणी असेल तर ते जास्तीचं.

एवढं झाल्यावर मी थांबायला हवं होतं. पण मी पेडगाव. पदरानं हात कोरडे केले, पंखा बंद केला आणि दोन्ही डब्या एकेक करून नाकाशी धरल्या. मिऱ्याच्या डबीत ते सात मिरे होते, सरांनी कधीतरी परत टाकलेले, सुकून खडे झालेले. पितळेचा वास आला. दुसरीलाही पितळेचाच. पुन्हा धरल्या. डोळे मिटून धरल्या.

मला सर्दी नव्हती.

झाकणं लावली, डब्या देवघरात ठेवल्या. मग स्वयंपाकघराच्या दाराकडं तोंड करून जरा थांबले आणि म्हटलं, “असू शकेल, सर.”